चाकावरचा थेंब

३ तारीख, मंगळवार

आज मास्तरांनी माझ्या गळ्यात एक काम बांधलं. स्टुडिओसाठी नवा कॅमेरा घ्यायचाय, आणि कुठली बॉडी, कुठली लेन्स, हे मी बघून सांगायचं.

मी म्हटलं, "मी?"

"मग काय, पडदा सांगणार?"

इथं आल्यापासून माझं काम म्हणजे दिवे हलवणं, पडदा बदलणं, गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करणं, आणि सकाळी कॅमेरा पुसून जागेवर ठेवणं. फोटो काढतात मास्तर. आणि गेले काही महिने त्यांचे फोटो मऊ येतायत. मऊ म्हणजे पापण्या, शर्टाची बटणं, सगळ्यावर साय धरल्यासारखी. हे शोधून काढलं झूमनं. झूम म्हणजे आमचा कॉम्प्युटरवाला. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतो म्हणून हे नाव. त्यानं फोटो मोठा करून मास्तरांना दाखवला. मास्तर कॉम्प्युटरला नाक लावून बघत राहिले, मग म्हणाले, "कॅमेरा म्हातारा झाला."

अठरा तारखेला नर्सिंगच्या शाळेचा ग्रुप फोटो आहे. शिकून बाहेर पडणाऱ्या सगळ्या मुली, पायऱ्यांवर, एकदाच. दुसऱ्या दिवशी त्या पांगतात, परत उभ्या करता येत नाहीत. तो फोटो मऊ आला तर शाळा हातची जाईल, आणि खापर फुटणार ज्यानं कॅमेरा निवडला त्याच्या डोक्यावर.

मास्तर म्हणाले, रोज काय बघितलं ते लिहून ठेव. आठवीत मी शाळा सोडली का शाळेनं मला, यावर आईचं आणि माझं अजून जमत नाही. तरी लिहितो. कॅमेऱ्यांचं वेगळ्या कागदावर. हे माझ्यापुरतं.

४ तारीख, बुधवार

कॅमेरे विकणारा बॅगवाला आला. दोन बॉड्या आणि लेन्सची पेटी बघायला ठेवून गेला. सतराला परत येणार, तेव्हा हो किंवा नाही सांगायचं.

मी सगळ्यांना नावं पाडली, नाहीतर ते आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत. स्टुडिओतला जुना तो जाड्या. आत आरसा आहे, बटण दाबलं की खटॅक करतो, मानेला ओढ लागते, पण बॅटरी संपता संपत नाही. दुसरा नवा. त्याला आरसाच नाही, आत डोळा लावला की बारका टीव्ही. समोर माणूस आला की स्वतःच त्याचा डोळा शोधून त्यावर चौकोन काढतो. तिसरा छोटू, खिशात मावेल एवढा.

लेन्समध्ये पन्नास एमएमची आहे, चेहऱ्यांसाठीची पंच्याऐंशी आहे, जवळ-लांब दोन्ही करणारी झूम आहे. आणि मास्तरांची स्वतःची म्हातारी. तीही पन्नासच, पण पितळी, जुनी, आत मोटरबिटर काही नाही. कडी हातानं फिरवायची, तेव्हा चित्र स्पष्ट होतं. मास्तर काय वाटेल ते झालं तरी तीच लावतात.

मी विचारलं, "मास्तर, नवा स्वतः फोकस करतो, मग ही कशाला?"

"यंत्रानंच शोधायचं तर मी कशाला?" म्हणाले. आणि मग, "बॉड्या येतात, जातात. लेन्स जपायची. लेन्स म्हणजे डोळा."

६ तारीख, शुक्रवार

भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून सगळ्यांनी फोटो काढले. भर उजेडात छोटूचा आणि नव्याचा फोटो शेजारी ठेवला तर झूमलासुद्धा ओळखता आला नाही. मग खिडकी लावून घेतली. छोटूच्या फोटोवर वाळू सांडल्यासारखी झाली आणि नवा तसाच स्वच्छ. म्हणजे रोजच्या फिरण्याला छोटू बास झाला, धंद्याला नको. एवढं कळायला मला अख्खा दिवस लागला, पण कळलं ते माझं मला, म्हणून बरं वाटलं.

पुढं एक गोष्ट खटकली. म्हातारी जाड्यावर लावून मी फोटो काढला. अक्षरन् अक्षर वाचता आलं. मास्तरांनी तिथंच उभं राहून त्याच लेन्सनं काढला, तर साय. कागदावर तसंच लिहून ठेवलं.

आणि सकाळचं लिहायचं राहिलं. जाड्याला डोळा लावायच्या काचेशेजारी एक बारीक चाक आहे. माझ्या आधीच्या माणसानं शिकवून ठेवलंय की सगळी चाकं रोज मधे आणून ठेवायची. मी ठेवतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर हे एकच चाक पार टोकाला. तसं असताना डोळा लावला तर आत धुकं. मधे आणलं की लख्ख. कुणीतरी खोडी काढतंय. झूमला विचारलं तर म्हणाला, "मला काय चाकं फिरवायला ठेवलंय? मी काय बैल आहे घाण्याचा?"

९ तारीख, सोमवार

ताईचा फोन. तिनंच काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, गळ घालून मला इथं चिकटवलं. वर सांगून ठेवलंय की हा वाऱ्यावर असतो. तेव्हापासून मास्तर मला वाऱ्या म्हणतात.

"टिकलायस का अजून?"

"टिकलोय."

"फरशीचं दुकान सोडलंस, बेकरीची गाडी सोडलीस, मोबाइलवाल्याला तर सांगितलंसुद्धा नाहीस. आता हे सोडलंस तर दाजींकडे गेटं रंगवायला ये सरळ."

"नाही सोडत."

"काढतील असं काही करू नकोस म्हणजे झालं."

ती सहज बोलली, पण ते डोक्यात बसलं. आपण सोडून जाणं वेगळं. काढून टाकलेला अजून मी कधी नव्हतो.

११ तारीख, बुधवार

आज मास्तर रस्त्यात समोरून आले. औषधांच्या दुकानासमोर, भर दुपारी. मी हात केला, मास्तर म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, तर माझ्याकडे बघत बघत शेजारून निघून गेले. ओळखसुद्धा दाखवली नाही. मनातून उतरलो म्हणजे उतरलोच.

स्टुडिओत आल्यावर मात्र काहीच झालं नाही असं वागले. म्हणाले, "आज गिऱ्हाइकांचे फोटो तू काढ. नव्यानं काढ, मग जाड्यानं काढ, आणि फरक सांग." मी काढले. एक बाई पासपोर्टच्या फोटोला आली होती, एक नवरा-बायको बाळाला घेऊन. पंच्याऐंशीनं बाळाच्या मागची भिंत अशी विरघळली की झूमनं शिट्टी मारली. पन्नासनं तेच बाळ साधं, जवळचं वाटलं. झूम लेन्सनं बाळ, आई, बाप, तिघं जागेवरून न हलता मिळाले. मी मास्तरांना सांगितलं की एकाच माणसाचा चेहरा असेल तर पंच्याऐंशी, आणि गडबड असेल, लेन्स बदलायला सवड नसेल, तर झूम लेन्स.

"आणि ग्रुप फोटोला?"

"पन्नास. रुंद लेन्स लावली तर कडेच्या मुली जाड दिसतील आणि आपल्याला मारतील. त्यापेक्षा मागं सरून पन्नासनं काढायचा."

हसले नाहीत. नुसती मान हलवली आणि ऑर्डरच्या चिठ्ठ्या माझ्यापुढं सरकवल्या. "वाच, चष्मा घरी राहिला." आठवडाभर चष्मा घरीच आहे. माणूस विसरतो तरी किती.

मला कळतंय काय चाललंय ते. परीक्षा घेतायत. एकदा चुकलो की दार दाखवायला मोकळे. तो वर्तमानपत्राचा फोटो त्यांनी मुद्दाम मऊ काढला नसेल कशावरून?

१२ तारीख, गुरुवार

चाक परत टोकाला.

मोबाइलच्या दुकानात एक शिकलो होतो. सारखा सुटणारा स्क्रू असला की त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचा, मग तो हलत नाही. बाटली माझ्या हत्यारांच्या डबीत होतीच. चाक मधे आणलं आणि टाकला थेंब. आता फिरव म्हणावं बैला.

१४ तारीख, शनिवार

चाक जागेवर आहे, म्हणजे खोडी बंद झाली. पण फोटोंचं काही खरं नाही. दोन दिवस मास्तरांनी काढलेलं एकही चित्र धड नाही. काल एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो काढला, त्यात त्यांचा कान स्पष्ट आणि नाक धुक्यात. गृहस्थ म्हणाले, "कानाचं कशाला? मला ऐकू येतं चांगलं." मास्तरांनी पैसे घेतले नाहीत.

आज दिव्यांवरून चिडले. "ते खाली कर, डोळ्यांत घुसतंय." मी खाली केले. "अजून." अजून खाली केले तर अंधार झाला. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडं बघून म्हणाले, "तुम्ही बसून घ्या तोवर." खुर्चीवर काकूंचा कोट टाकला होता. झूम हसला. मीही हसलो. मास्तरांनी कोट उचलला, झटकला आणि स्वतःच टांगायला गेले. परत आले ते थेट आतल्या खोलीत जाऊन बसले.

दुपारी काकूंनी मला बाजूला घेतलं. "वाऱ्या, खरं सांग. तू राहणार आहेस, का तुझंही मन उडालंय?"

मी म्हटलं, "राहतोय की."

"आधीचेही असंच म्हणायचे." आणि पदरानं काउंटर पुसत बसल्या, जो पुसलेलाच होता.

कुणी असं विचारतं ते कशासाठी, हे न कळायला मी लहान नाही. जायचं असेल तर आपणहून जा, असं मऊ शब्दांत सांगतात लोक. संध्याकाळी बेकरीच्या गाडीवरच्या जोडीदाराला फोन केला. तो आता एका गोदामात आहे, माणसं पाहिजेतच म्हणाला. वीस तारखेला येतो म्हणून सांगून टाकलं. काढायच्या आधी आपणच गेलेलं बरं.

१५ तारीख, रविवार

छोटू गळ्यात अडकवून दिवसभर फिरलो. शेवटचा वापरून घ्यावा म्हटलं. मोठा कॅमेरा काढला की लोक केस नीट करतात, छोटूला कुणी विचारत नाही. सायकलवाला, जिन्यात बसलेल्या बायका, नळाखाली डोकं धरलेला एक गवंडी. चांगले आलेत. ताईला पाठवले. तिनं विचारलं, "कुणी काढले?" मी काढले म्हटलं तर म्हणाली, "ह्यॅ, थापा."

बॅग भरून खाटेखाली सरकवली. भरायला काही फार नव्हतं. जिवाला चैन नाही ती नाहीच.

१७ तारीख, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

बॅगवाला आला. मास्तर आणि काकू सकाळीच कुठं बाहेर गेले होते. झूमला सांगून गेले, बँकेचं काम आहे. मी बॅगवाल्याला म्हटलं की नवा चांगला आहे, पण आमच्या म्हातारीचं दुखणं काय ते आधी बघ. त्यानं म्हातारी लावलेला जाड्या उचलला, डोळा लावला, आणि सवयीनं त्याचा अंगठा त्या चाकावर गेला.

"हे जाम कसं काय?"

"मीच केलंय. सारखं कुणीतरी टोकाला न्यायचं."

"अरे, हे कुणीतरी म्हणजे ज्याचा कॅमेरा तोच." तो हसायला लागला. "हे चाक चष्म्याचं आहे. फोटोत त्यानं काही फरक पडत नाही. बघणाऱ्याची नजर जशी असेल तसं ते फिरवायचं, म्हणजे त्याला आतलं स्पष्ट दिसतं. तुझी नजर चांगली, तुला मधे लागतं. माझं बघ, चार घरं पुढं. तुमचे मास्तर कुठं ठेवतात?"

"पार टोकाला."

त्याचं हसू थांबलं. म्हणाला, "टोकाला म्हणजे नजर बरीच गेलीय की रे."

हातातलं फडकं तसंच राहिलं. तो रस्ता आठवला, औषधांच्या दुकानासमोरचा. ऊन होतं समोरून. त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतंच, माझ्या जागी त्यांना काय दिसलं असेल कुणास ठाऊक. चिठ्ठ्या आठवल्या, दिवे आठवले, तो कोट. मी हसलो होतो त्या कोटाला.

वर्तमानपत्राचा फोटो मऊ आला तेव्हाही चाक मधेच होतं. मी सकाळी आणून ठेवलेलं. त्या दिवशी ते चाक फिरवायला विसरले असतील, किंवा मी बघतोय म्हणून फिरवलं नसेल. आणि गुरुवारपासून तर मी वाटच बंद केली होती. माणसाच्या नाकावरचा चष्मा काढून कुलपात ठेवावा, तसं.

स्पिरिट आणि कापसानं थेंब काढला. चाक सुटलं. टोकाला नेलं. मला आत नुसतं धुकं दिसलं. तसंच ठेवलं.

बॅगवाल्याला म्हटलं, वीसला ये.

१८ तारीख, बुधवार

शाळेच्या पायऱ्या. पांढरे कपडे, समोरून ऊन, मुली एकमेकींच्या टोप्या नीट करतायत. शाळेच्या मोठ्या बाई मधोमध खुर्चीत. मी जाड्या तिवईवर लावला, म्हातारी लावली. नव्याचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

मास्तर वाकले, डोळा लावला. अंगठा चाकावर गेला. चाक हललं तसे ते थबकले, जरा मागं-पुढं केलं, परत टोकाला नेलं. मग म्हातारीची कडी. पुढं, मागं, पुढं. मुली हसायच्या थांबल्या. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. मी मास्तरांचा अंगठा बघत होतो. तो अजून चाकाला रेटत होता, आणि चाक टोकाच्या पुढं जात नव्हतं.

आता हा माणूस सगळ्यांसमोर काय करणार?

मास्तर सरळ झाले. घाम पुसला. मोठ्यानं म्हणाले, "कडी घट्ट झालीय. वाऱ्या, तुझी बोटं लहान आहेत, जरा लाव."

माझी बोटं त्यांच्यापेक्षा जाड आहेत. मी वाकलो, चाक माझ्याजोगं मधे आणलं, कडी फिरवली. दुसऱ्या रांगेतल्या एकीच्या पापण्या दिसेपर्यंत. मागची रांगही स्पष्ट यावी म्हणून लेन्सचं भोक बारीक केलं, जसं त्यांनीच शिकवलं होतं.

ते माझ्या कानाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "काय दिसतंय?"

"डावीकडून तिसरी डोळे मिटतेय. वरच्या रांगेत एक मागं बघतेय, लांब वेणी असलेली. बाईंच्या पायाशी पिशवी राहिलीय."

मास्तरांनी मान वर केली आणि खणखणीत आवाज लावला. "डावीकडून तिसरी, झोप घरी जाऊन काढायची. वरची वेणीवाली, मागं कोणी नाही, मी बघितलंय. बाई, ती पिशवी कुणा पेशंटची?"

सगळ्या पायऱ्या हसल्या. एक मुलगी म्हणाली, "एवढ्या लांबून दिसतं बाई यांना." आणि त्याच हसण्यात मास्तरांनी बटण दाबलं. खटॅक. मग मी सांगत गेलो आणि ते ओरडत गेले. कुणाला कळलं नाही. कळलं असेल तर कुणी दाखवलं नाही.

स्टुडिओत परत आलो. झूमनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटच्या रांगेतल्या मुलीच्या कानातल्या फुलाच्या पाकळ्या मोजता येत होत्या. म्हणाला, "म्हातारी बरी झाली की."

मास्तर म्हणाले, "हं."

२० तारीख, शुक्रवार

गोदामातल्या जोडीदाराचे सकाळपासून फोन. उचलले नाहीत. मग उचलला आणि येत नाही म्हटलं. त्यानं मला जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

मास्तरांना थेंबाचं सांगायचं होतं. कालही धीर झाला नाही. आज काउंटरवर काकू बसल्या होत्या, मास्तर आत म्हातारीला मऊ कापडात गुंडाळत होते. तिथंच उभं राहून सांगून टाकलं. चाक रोज मधे मीच आणायचो. थेंबही मीच टाकला. म्हटलं, काढून टाकायचं तर टाका.

मास्तरांनी गुंडाळलेली म्हातारी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे गुरुवारी माझी नजर गेली नव्हती?"

"नाही. चाक जाम होतं."

"मला वाटलं, चाक सरकत नाही म्हणजे टोकालाच आहे, आणि तरी दिसत नाही. चार दिवसांत एवढं गेलं म्हटल्यावर हातपाय गळाले. म्हणून मंगळवारी हिच्याबरोबर डॉक्टरकडं गेलो." ते काकूंकडं वळले. "बघ, वर्षभर तू बोंबलत होतीस ते ह्याच्या एका थेंबानं केलं."

काकू म्हणाल्या, "मी बोंबलत होते, आणि तुम्ही म्हणत होता, दुकान कुणावर टाकू? एक टिकत नाही." माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला शनिवारी विचारलं ते त्यासाठी. तू असं तोंड केलंस जसं काही मी भाडं मागत होते."

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. आधी उजवा करतील. मास्तरांच्या थोरल्या भावाचा डोळा अशाच ऑपरेशनमध्ये गेला होता, म्हणून हे टाळत होते. डॉक्टर म्हणाले की आता तसं सहसा होत नाही. सहसा हा शब्द मास्तरांनी मला दोनदा सांगितला.

बॅगवाला आला तेव्हा मास्तर बाहेर आलेच नाहीत. आतूनच म्हणाले, "तो सांगेल ते." मी म्हटलं, धंद्याला नवा, सोबत पंच्याऐंशी आणि झूम लेन्स. छोटू परत. छोटू देताना जरा जड गेलं.

तो गेल्यावर मास्तरांनी मला बोलावलं. जाड्या माझ्या हातात दिला, म्हातारी लावलेली. "हाही लागेल. नव्याची बॅटरी दुपारी मान टाकेल. चाक तुझ्या डोळ्याला लावून घे."

मी डोळा लावला. चाक टोकाला होतं, मधे आणलं. समोर खुर्ची, खुर्चीवर कोट, कोटाचं एक बटण तुटायला आलेलं.

"दिसतंय?"

"लख्ख."

"मग टाक त्यावर तुझा तो थेंब. परत कुणी फिरवायला नको."

मी डबी काढली. बाटलीचं झाकण उघडून बंद केलं, त्यांना वास यावा एवढं. म्हटलं, "टाकला."

टाकला नाही. चाक मोकळं आहे. ऑपरेशन सोमवारी आहे, काकूंच्या मागोमाग मीही जाणार आहे, कारण दुकान त्या दिवशी बंद. बॅग अजून खाटेखालीच आहे, फक्त त्यातला टॉवेल काढून वापरायला घेतला.